पळालेलं पोरगं मस्टरवर हजर

वसतिगृहातलं पोरगं पळालं की गृहपालाचा पहिला सवाल कोणता असतो? 'कुठं गेलं?' हा नाही. 'काय घेऊन गेलं?' हा. मग पेट्या तपासल्या जातात. ताटं मोजली जातात. सतरंज्या मोजल्या जातात. सगळी मोजदाद झाल्यावर कुणाला तरी आठवतं की कमी पडलंय ते पोरगं.

बड्याचं लेकरू बोर्डिंगातून गेलं तर ते 'बेपत्ता'. आपलं गेलं तर 'पळपुटं'. बड्याच्या लेकरासाठी जीप निघते, साहेब रात्रभर जागतो. आपल्या लेकरासाठी एक वाक्य तयार असतं: 'येईल भूक लागली म्हणजे.' आन् लेकरू पारध्याचं असलं तर पोलीस आधी चोरीचा तपास करतो, मग पोराचा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, असं पुस्तकात लिहिलंय. ठाण्याच्या डोक्यातून तो कोणत्या साली रद्द झाला, ते कुणीतरी दाखवा.

मी हे ऐकीव सांगत नाही. मी पळालेलो आहे.

१९८४ चा हिवाळा. बालाघाटाच्या कुशीतलं एक तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही, कारण तसलं वसतिगृह काही एकच नव्हतं. मी पाचवीत. मायबाप दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी त्या हिशेबात बसत नव्हतो, म्हणून वसतिगृहात टाकलेला. मायनं चांगल्यासाठीच टाकलं. 'शिक लेकरा, तुझ्या हातात कोयता येऊ नये,' एवढंच बोलली आन् ट्रकात चढली.

एका रात्री मी दुसरी भाकरी मागितली. गृहपालानं मला उसाच्या दांडक्यानं झोडलं. माझे मायबाप ज्याच्या मोळ्या बांधत होते, त्याच उसानं. त्याच रात्री संडासला जातो म्हणून उठलो, पडक्या भिंतीवरून उडी टाकली आन् गावाची वाट धरली.

आता इथं जरा थांबा. पोरगं पळतं ते घराकडं पळतं. माझं घर कुठं होतं? झोपडीला कुलूप. मायबाप कुठल्या कारखान्याला, कुठल्या फडात, मला ठाऊक नाही. कोल्हापूर का सांगली का कर्नाटक, मला ठाऊक नाही. रात्रभर चालून मी एका कुलपापुढं येऊन बसलो. मोठेपणी त्याच वाटेनं दिवसा गेलो, तव्हा कठडा नसलेल्या तीन विहिरी मोजल्या. त्या रात्री मला एकही दिसली नव्हती.

भीमनगरातल्या एका म्हातारीनं मला घरात घेतलं. अकरा दिवस मी तिच्याकडं राहिलो. अकरा दिवसांत वसतिगृहातून एक माणूस आला नाही, एक चिठ्ठी आली नाही. बाराव्या दिवशी म्हातारीनंच मला परत नेऊन पोचवलं. तिच्यापुढं गृहपाल गोड बोलला. ती गेल्यावर जे झालं ते लिहीत नाही. तुमच्यापैकी कित्येकांना ते न लिहिताही वाचता येईल.

महिन्याभरानं तपासणी आली. मस्टर कोरं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून गृहपालानं मलाच भरायला बसवलं. आडव्या रांगेत तारखा, उभ्या रांगेत पोरांची नावं, आन् प्रत्येक चौकोनात 'ह'. माझ्या नावापुढं आलो आन् हात थांबला. मागून आवाज आला, 'भर.' मी भरलं. अकरा दिवस, अकरा 'ह'. ज्या दिवसांत मी म्हातारीच्या घरी चटणी-भाकर खाल्ली, त्या दिवसांत सरकारच्या कागदावर मी वसतिगृहात वरण-भात खात होतो.

त्या रात्री मी तीनपैकी एका विहिरीत पडलो असतो तर? तरी अकरा दिवस हजर. प्रेत तरंगून वर आलं असतं तरी पोरगं मस्टरवर जेवत राहिलं असतं.

दोस्तांनो, हीच या प्रश्नाची मुळी आहे. अनुदान डोक्यागणिक मिळतं. पोरगं पळालं असं खरं लिहिलं तर एक डोकं कमी होतं, वर चौकशी लागते. खोटं लिहिलं तर काहीच होत नाही. मग खरं कोण लिहील? पोरगं पळालं ही बातमी दाबण्यात ज्याचा फायदा, त्याच्याच हातात ती बातमी देण्याचं काम. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्या.

भिवाही पळायला निघाला होता

पळणारं पोरगं वाया गेलेलं, असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. साताऱ्याला असताना लहानग्या भिवालाही पळून जायचं होतं. बापानं दुसरं लग्न केलं, याचा राग डोक्यात होता. मुंबईला जायचं, गिरणीत काम करायचं, स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. भाड्याला पैसे नाहीत म्हणून झोपलेल्या आत्याच्या कमरेचा बटवा काढायला रात्रीमागून रात्री हात घातला. शेवटी बटवा हाती आला, तर आत अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई येत नव्हती. मग त्यानं अभ्यासाला लागायचं ठरवलं. तोच भिवा पुढं बाबासाहेब झाला.

याचा अर्थ काय घ्यायचा? पैसे मिळाले नाहीत म्हणून बाबासाहेब वाचले, एवढाच? नाही. पळावंसं वाटणं हा गुन्हा नाही, हा अर्थ घ्यायचा. पोराला अर्ज लिहिता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, साहेबाच्या केबिनीत शिरता येत नाही. त्याला पाय आहेत. तो पायानं तक्रार करतो. भिंतीवरून टाकलेली उडी ही त्याची लेखी तक्रार समजा. तिला उत्तर द्यायचं सोडून आपण भिंत दोन हात उंच करतो आन् वर काचा लावतो. म्हणजे आग लागली की सगळीच आत.

वसतिगृहं बंद करा, असं मी म्हणत नाही

हे नीट ऐका, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की हा वसतिगृहांच्या विरोधात लिहितो. वसतिगृह ही आपल्या लढ्याची छावणी आहे. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढलं. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आन् १९२५ च्या जानेवारीत सभेनं सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. मिलिंदच्या आवारात राहून शिकलेली आपली पहिली पिढी मराठवाड्यात ताठ उभी राहिली. या दोघांनी छपराआधी लेकराची किंमत ओळखली होती.

बीड जिल्ह्यात तर वसतिगृहाला पर्यायच नाही. दरसाल लाखो माणसं कोयता घेऊन जिल्हा सोडतात. वसतिगृह नसलं तर पोरगं फडात जातं, पोरगी लहान भावंडाला कडेवर घेऊन कोपीपुढं बसते, आन् न्हाण आलं की तिचं लग्न लावून दोघांचा नवा कोयता तयार करतात. २०२१ साली सरकारनं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं योजना काढली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहं. चांगलं केलं. लढून मिळवलेली गोष्ट आहे, ती सोडायची नाही. पण वसतिगृह काढलं म्हणजे सरकार आईबाप झालं. आईबापाचं लेकरू रात्री घरी आलं नाही तर ते मस्टर भरत बसत नाहीत. कंदील घेऊन निघतात.

हंगामी वसतिगृहाचं तर आणखीन निराळंच. पुष्कळ ठिकाणी पोरं जेवतात शाळेत आन् झोपतात आजीच्या घरी. आजीला दिसत नाही, ऐकू येत नाही. पोरगं शाळेतून निघालं आन् आजीकडं पोचलं नाही, तर मास्तर म्हणतो आमच्याकडून गेलं, आजी म्हणती मला वाटलं शाळेतच हाय. शाळेच्या फाटकापासून आजीच्या उंबऱ्यापर्यंत ते लेकरू कुणाचं?

'आपलीच संस्था हाय'

आता कडू बोलतो. काही वसतिगृहं आपल्याच माणसांची आहेत. संस्थाचालक १४ एप्रिलला हार घालतो, स्टेजवर आपल्या शेजारी बसतो, निळा फेटा बांधतो. पोरगं पळालं की हाच आपल्याला कोपऱ्यात घेतो: 'अरे, आपलीच संस्था हाय, बोभाटा कशाला? त्यांना आयतं कोलीत मिळंल.' आन् आपण गप बसतो. मीही एकदा गप बसलोय. ते माझ्या हातून झालेलं पाप आहे, ते इथं कबूल करतो.

पोरासाठी संस्था असते, संस्थेसाठी पोर नसतं. संस्थेची अब्रू लेकराच्या जिवावर राखायची असेल, तर पाटलाच्या वाड्यात आन् तुझ्या ऑफिसात फरक काय राहिला?

गप बसून झाकलं जात नाही, उलट सडतं. ३० जून २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली बाहेर पळाल्या. छळाच्या तक्रारी त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितल्या. मग विधिमंडळात आवाज उठला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चौकश्या लागल्या. त्याआधी ते बालगृह काय अदृश्य होतं? समिती होती, अधिकारी होते, तपासणीचे कायदे होते. पण या सगळ्यांना जाग आली ती मुली पळाल्यावर. नऊ पोरींनी जे काम केलं ते सगळ्या यंत्रणेला जमलं नव्हतं. त्यांना 'पळालेल्या' म्हणायचं का 'तक्रारदार', ते तुम्हीच ठरवा.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही असं नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ आहे. त्याखाली नोंदलेल्या बालगृहातून मूल गेलं, तर काय करायचं ते नियमांत स्पष्ट आहे. पोलिसांना आन् बाल कल्याण समितीला ताबडतोब कळवायचं. आईबापाला कळवायचं. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागी माणसं धाडायची. मूल का गेलं याची चौकशी करून अहवाल पाठवायचा.

पण समाजकल्याणचं वसतिगृह, आश्रमशाळा, हंगामी वसतिगृह, इथं साहेब हात वर करतो: 'आम्ही बालगृह नाही. तो नियम आम्हाला लागू नाही.' त्याला दोन उत्तरं द्या. एक: त्याच कायद्याचं कलम ७५ वाच. लेकरू ज्याच्या ताब्यात, मग तो कुणीही असो, त्यानं मारहाण केली, हेळसांड केली, तर तो गुन्हा आहे. आन् लेकरं सांभाळण्याचं काम ज्या संस्थेवर सोपवलंय, तिच्याच माणसानं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आन् पाच लाखांपर्यंत दंड. दोन: बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आन् अपहरण किंवा विक्री झाली असावी, असं धरूनच तपास सुरू करायचा. 'प्रत्येक' म्हणजे प्रत्येक. त्यात खातं कोणतं, अनुदान कोणाचं, जात कोणती, हे कोर्टानं विचारलेलं नाही.

'चोवीस तास थांबा, मग या,' असं जमादार सांगतो. असा कुठलाही कायदा नाही. चोवीस तासांत पोरगं परळीला गाडीत बसून हैदराबादेकडं गेलेलं असतं. आता तर १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड शहरातही रेल्वे आली. आनंद आहे. पण पळणाऱ्या पोरासाठी आन् पोरं गोळा करणाऱ्या दलालासाठी आणखी एक दार उघडलंय, हे विसरू नका. एसटी स्टँडवरचा हॉटेलवाला, उसाच्या ट्रकचा क्लीनर, गुऱ्हाळवाला, वीटभट्टीवाला, यांना एकट्या पोराचा वास आधी लागतो. पोलिसाला मागून.

हे पान फाडून खिशात ठेवा

पोरगं पळाल्याचं कळलं की शाखेच्या पोरांनी काय करायचं ते लिहितो. भाषण नंतर करा.

१. आधी आवारच बघा: संडास, गच्ची, पाण्याची टाकी, कोठीची खोली, विहीर. मार खाल्लेलं पोरगं कधी कधी पळत नाही, लपतं. पण हे बघत असतानाच दुसऱ्यानं फोन लावायचा. एक झाल्यावर दुसरं, असं नको.

२. फोन ११२ ला आन् १०९८ ला. १०९८ हा मुलांचा नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारच्या हातात आहे आन् ११२ शी जोडलेला आहे. फोन केल्याची वेळ कागदावर टिपा.

३. ठाण्यात जा. बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा, प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असावा लागतो. तोंडी सांगू नका, लेखी द्या: वय, उंची, अंगावरचे कपडे, पायात काय होतं, शेवटचं कुणी पाहिलं, फीट येते का, औषध चालू आहे का, बोलता-ऐकता येतं का. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर शून्य नंबरानं नोंदवा म्हणा. गुन्ह्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकाला लेखी पाठवा. चार महिन्यांत लेकरू सापडलं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडं गेला पाहिजे, ही तारीख डायरीत लिहून ठेवा.

४. सोबतची पोरं सगळं जाणतात. त्यांना विचारा, पण गृहपालापुढं नको. आन् धमकी देऊन तर नकोच. झाडाखाली बसवा, चहा पाजा, मग विचारा.

५. मायबापाला शोधा. हे बीडचं खास काम. मुकादमाला फोन, कारखान्याच्या शेतकी ऑफिसला फोन, टोळी कुठल्या गावाच्या शिवारात पडलीय ते काढा. माय फडात मोळी वाहतीय आन् तिचं लेकरू चार दिवस गायब आहे हे तिला ठाऊक नाही, याच्यापेक्षा मोठा अपमान नाही. गावाकडच्या कुलूपबंद घरापाशीही माणूस बसवा. पोरगं तिथं येतं. मी आलो होतो.

६. मस्टर बघा. त्याच दिवशी, त्याच तासाला. फोटो काढून ठेवा. उद्या त्याच्यावर 'ह' उगवलेला असंल.

सापडल्यावर खरी परीक्षा

पोरगं सापडलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आन् त्याला कॉलर धरून परत त्याच दारात नेऊन सोडतात. दोस्तांनो, हा सगळ्यात मोठा धोका आहे. ज्याच्या माराला भिऊन ते पळालं, त्याच्याच हातात ते परत. आता मार दुप्पट.

म्हणून परत नेण्याआधी बाल कल्याण समितीपुढं न्या. मायबाप जवळ नसतील तर चोवीस तासांच्या आत न्यावं लागतं, तो कायदाच आहे. समितीत अध्यक्ष आन् चार सदस्य असतात, त्यांत निदान एक बाई. अंगावर वळ असतील तर आधी डॉक्टर. पोरीनं किंवा पोरानं अंगाला हात लावल्याचं सांगितलं तर पोक्सो कायदा २०१२ चा आहे. ते दाबणाराही त्यात गुन्हेगार ठरतो. मग तो संस्थाचालक असो की आपला शाखाध्यक्ष.

इंग्लंडात सरकारनं २०१४ साली घालून दिलेली रीत आहे: पळालेलं मूल परत आलं की बहात्तर तासांच्या आत संस्थेबाहेरच्या माणसानं त्याच्याशी बोलायचं. का गेलास, कुठं राहिलास, कुणी त्रास दिला? बाहेरचा माणूस. गृहपाल नाही, गृहपालाचा मेव्हणा नाही. एवढी साधी गोष्ट. आपल्याकडं हा सवाल कुणी विचारतच नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आपली मागणी त्यामुळं चार ओळींची आहे. वसतिगृह कोणत्याही खात्याचं असो, पोरगं पळालं तर काय करायचं याचा एकच नियम सगळ्यांना लागू करा आन् तो दारावर मराठीत लावा. रात्रीची हजेरी पोरांपुढं मोठ्यानं घ्या. प्रवेशाच्या वेळी मायबापाचा कारखाना, मुकादमाचं नाव आन् फोन लिहून घ्या, हंगामागणिक नवा. आन् पोरगं पळाल्याचं ज्यानं त्याच तासाला खरं कळवलं त्याचं अनुदान कापू नका. ज्यानं दडवलं त्याचं कापा. बघा कसं खरं बोलायला लागतात ते.

निवेदनं देऊन हे होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात आपल्यापासून. तुमच्या तालुक्यात वसतिगृहं किती, गृहपाल रात्री मुक्कामी असतो का, विहिरीला कठडा आहे का, यादी करा. एका रविवारी सगळ्यांनी मिळून जा. पोरांसंगं जेवा. दुसरी भाकरी मागून बघा.

माझ्या हातानं लिहिलेले ते अकरा 'ह' कुठल्यातरी ऑफिसात धूळ खात पडले असतील, नाहीतर वाळवीनं खाल्ले असतील. ते खोडायला मला आता जमणार नाही. पण आज रात्री कुठल्यातरी वसतिगृहात कुणा पोराला पेन देऊन 'भर' म्हणत असतील. त्याच्या मागं जाऊन उभं राहणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

जयभीम.